कूपरेज ते अंधेरी, व्हाया नेरूळ

चर्चगेटला उतरायचं, ओव्हल मैदान डाव्या हाताला ठेवायचं आणि महर्षी कर्वे रस्त्याने सरळ दक्षिणेला चालत राहायचं. मादाम कामा रस्ता ओलांडला की कूपरेज आलंच. मंत्रालयात कामासाठी येणारी हजारो माणसं रोज या भिंतीजवळून जातात. आत फुटबॉलचं मैदान आहे हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक असतं. आत कधी पाऊल टाकलेले मात्र थोडेच.

मी गेलो त्या सकाळी शाळकरी मुलांचा सराव चालू होता. पायांखाली कृत्रिम गवत, बाजूला प्रशिक्षकाची शिट्टी, बाकांवर डबे नि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेल्या आया. प्रेक्षागार लहान, जेमतेम ५ हजारांचं. चहूकडून दक्षिण मुंबईच्या इमारती डोकावतात. या एवढ्याशा जागेने साऱ्या देशाचा फुटबॉल पाहिला आहे आणि मुंबईतल्या क्लबांच्या स्थलांतराची गोष्टही इथूनच सुरू होते. कूपरेज, नेरूळ, अंधेरी हा क्रम मला एकदा स्वतः लोकलने आणि मेट्रोने फिरून पाहायचा होता. मैदानं नकाशावर पाहणं वेगळं आणि तिथवर पोचायला काय लागतं ते अंगावर घेणं वेगळं.

कूपरेजवर ज्याचे सामने व्हायचे तो रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. पहिली कितीतरी वर्षं तो गोऱ्या पलटणींचाच होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला आणि पहिल्यांदा भारतीय संघाच्या हाती गेला. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी तो दुसऱ्या कुणाला मिळूच दिला नाही. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारे तेच. त्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३ गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या क्लबांतून खेळायचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आज वांद्र्याला त्याच्या नावाचं मैदान आहे. कोलकात्याचे मोठे क्लब रोव्हर्ससाठी मुंबईत उतरले की इथल्या बंगाली आणि गोवेकर मंडळींची कूपरेजकडे रीघ लागायची. दिलीपकुमारसारखा फुटबॉलवेडा नटही सामन्याला यायचा.

पण रोव्हर्सपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती इथली स्थानिक लीग, जुनी मंडळी ‘हारवूड’ म्हणतात ती. तिच्यातले संघ गावाच्या किंवा पेठेच्या नावाने ओळखले जात नसत. मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, बँक ऑफ इंडिया, आरसीएफ, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे अशी त्यांची नावं. म्हणजे गिरण्या, बँका, कारखाने, सरकारी महामंडळं. चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळायची, सकाळी सराव, मग हजेरीपटावर सही, आणि संध्याकाळी सामना. प्रेक्षकही त्याच जगातले. फोर्टातलं किंवा नरिमन पॉइंटचं ऑफिस सुटलं की पायी कूपरेज, सामना संपला की पायी चर्चगेट, आणि तिथून घरी. मैदान, नोकरी आणि आगगाडी या तिन्ही गोष्टी एका मैलाच्या आत होत्या. कूपरेजच्या सुवर्णकाळाबद्दल लिहिताना खेळाडूंची नावं सगळे घेतात. त्या एका मैलाचा मान मात्र कुणी देत नाही, आणि माझ्या मते खरं श्रेय त्याचं आहे.

हे जग एकेका धाग्याने उसवत गेलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या खचल्या. क्रीडा कोट्यातल्या नोकऱ्या आटल्या. ऑफिसं वांद्रे-कुर्ला संकुलात आणि अंधेरीच्या पूर्वेला सरकली. रोव्हर्स चषक २०००-०१ च्या मोसमात शेवटचा खेळला गेला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. त्या लीगचं विजेतेपद मुंबईत आणणारा तो एकमेव संघ. अवघ्या काही वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. असा संघ एका निर्णयाने नाहीसा होऊ शकतो, कारण त्याला स्वतःची जमीन नसते, सभासद नसतात, मैदान नसतं. मैदान दुसऱ्याचं, पगार कंपनीचा. प्रेक्षकांचं प्रेम तेवढं स्वतःचं, आणि ते ताळेबंदात कुठे दिसत नाही.

मुंबई एफसीचा प्रवास तर आणखी जिव्हारी लागणारा. २००७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब ऑफिसच्या नावाने नव्हे, शहराच्या नावाने उभा राहिला होता. पिवळी जर्सी, मोठे पैसे नाहीत, पण मोसमामागून मोसम आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये चिवटपणे टिकून राहणारा संघ. २००९ पासून प्रशिक्षक होते खालिद जमील. आधी याच क्लबचे खेळाडू. कूपरेजचं नूतनीकरण निघालं आणि ‘मुंबई’ नाव लावणाऱ्या संघाला घरचे सामने खेळायला थेट पुण्याला, बालेवाडीला जावं लागलं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल. मैदान उत्तमच, पण मुंबईच्या माणसाला घरचा सामना पाहायला घाट चढावा लागणार! कामाच्या दिवशी कोण जाईल? आणि पुणेकरांनी तरी मुंबईच्या संघासाठी का घसा कोरडा करावा, त्यांचा स्वतःचा पुणे एफसी त्याच मैदानावर खेळत असताना?

इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री सिटीच्या वाट्याला असंच आलं होतं. १८९९ पासूनचं हायफील्ड रोड मैदान सोडून हा क्लब २००५ मध्ये शहराच्या उत्तर टोकाच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. ते स्टेडियम त्याच्या मालकीचं नव्हतं. भाड्यावरून वाद विकोपाला गेला आणि २०१३-१४ चा मोसम त्याला दुसऱ्याच गावी, नॉर्थहॅम्प्टनला काढावा लागला. तिथे कॉव्हेंट्रीच्या कित्येक चाहत्यांनी तिकीट काढायला नकार दिला आणि मैदानाबाहेरच्या टेकडीवर उभं राहून सामने पाहिले. त्यांना आपल्या संघाशी निष्ठा दाखवायची होती, आणि त्याला परगावी नेणाऱ्यांना पैसे द्यायचे नव्हते. मुंबई एफसीच्या चाहत्यांना टेकडीही मिळाली नाही. संघ कूपरेजला परत आला तेव्हा गळलेली सवय पुन्हा लागायला वेळ हवा होता, आणि तो मिळाला नाही. २०१६ मध्ये जमील आयझॉलला गेले. २०१६-१७ च्या त्या एकाच मोसमात त्यांचा आयझॉल आय-लीग जिंकला आणि मुंबई एफसी तळाला जाऊन खाली घसरला. त्यानंतर क्लबच राहिला नाही. जमील २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले तेव्हा कूपरेजच्या जुन्या प्रेक्षकांना काय वाटलं असेल, याचा विचार मी त्या बाकांवर बसून करत होतो. मुलांचा सराव संपला होता आणि पुढची तुकडी येऊन बूट बांधत होती. खेळ इथे अजून आहे, तो पोरांच्या पायांत आहे. नाही ते मोठ्या क्लबाचं घर.

कूपरेजहून सीएसएमटीला आलो आणि पनवेलची लोकल धरली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुंबई सिटी एफसी हा नवा क्लब जन्माला आला, तेव्हा त्याच्या चाहत्यांना धरावी लागायची तीच ही गाडी. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही नावं उच्चारतानाच बंदरातल्या मालाचा आणि गोदामांचा वास येतो. वडाळ्याला, कुर्ल्याला माणसं चढतात-उतरतात. चेंबूर, गोवंडी, मानखुर्द गेलं की गाडी एकदम मोकळ्यावर येते, दोन्ही बाजूंना खारफुटी, आणि मग वाशीची खाडी. हार्बरची गाडी खाडीपलीकडे जाऊ लागली ती १९९२ मध्ये; सिडको स्थापन झालं १९७० मध्ये. म्हणजे नवं शहर आधी आखलं गेलं आणि त्याला जोडणारी आगगाडी दोन दशकांनी आली. पुलावर दारात उभं राहिलं की खारा वारा तोंडावर येतो. दुपारची वेळ म्हणून मला उभं राहायला जागा मिळाली. संध्याकाळी सहाच्या सुमारास, ऐन गर्दीत, निळी जर्सी घालून बोरिवलीहून निघालेल्या माणसाने हाच प्रवास कसा केला असेल? आधी पश्चिम रेल्वेने अंधेरी किंवा दादर, मग गाडी बदलून हार्बरकडे, आणि मग खाडीपार. मुलुंडकरांची सोय त्या मानाने बरी होती: ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली की थेट नेरूळ. एकाच महापालिकेतल्या दोन उपनगरांना एकच मैदान किती वेगळ्या अंतरावर असतं, ते किलोमीटरमध्ये मोजून कळत नाही.

नेरूळ स्टेशनहून मी रिक्षा केली. सायन-पनवेल महामार्गाच्या बाजूला आलं की डी. वाय. पाटील स्टेडियमचं पांढरं छत दिसतं. वास्तुविशारद हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेलं आणि २००८ मध्ये खुलं झालेलं हे स्टेडियम देखणं आहे, यात वाद नाही. छताला आधार देणारे खांब प्रेक्षकांच्या आड येत नाहीत. आसनं ५५ हजारांच्या आसपास. पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथेच झाला. २०१७ च्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात स्पेनने मालीला उपांत्य फेरीत इथेच हरवलं. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक उचलला तोही इथेच. मोठ्या प्रसंगांना शोभणारी जागा आहे ही.

मुंबई सिटीची इथली सुरुवातही दणक्यात झाली. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी पुण्याच्या संघाला ५-० ने हरवलं आणि ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने लीगमधली पहिली हॅटट्रिक नोंदवली. पहिल्या वर्षी फ्रेडी ल्युंगबर्ग आणि निकोला आनेल्का अशी जगभर गाजलेली नावं संघात होती. पुढच्या वर्षी सुनील छेत्रीने इथेच नॉर्थईस्टविरुद्ध ३ गोल केले. लीगमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय. तरीही पहिल्या वर्षी संघ ७ वा आला, दुसऱ्या वर्षी ६ वा. क्रमांकांचं खापर मैदानावर फोडता येणार नाही. पण क्रिकेटसाठी आखलेल्या गोल मैदानात फुटबॉलचा आयत मांडला की प्रेक्षक आणि बाजूची रेषा यांच्यात मोठा रिकामा पट्टा उरतो. खेळाडूचा आवाज पोचत नाही, चेंडूचा ठोका ऐकू येत नाही. शिवाय ५५ हजारांच्या जागेत १५-२० हजार माणसं आली, तरी ती विरळ दिसतात.

बार्सिलोनातल्या एस्पान्योल क्लबाची गोष्ट मला नेरूळमध्ये हमखास आठवते. कर्जापायी १९९७ मध्ये त्याने आपलं सारिया मैदान विकलं. १९२३ पासूनचं, वस्तीच्या मधोमध असलेलं ते मैदान पाडलं गेलं आणि क्लब डोंगरावरच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये राहायला गेला. आसनं भरपूर, पण मैदानाभोवती धावपट्टी, आणि घरापासून लांब. २००९ मध्ये कोर्नेल्या-एल प्रात इथे स्वतःचं फुटबॉलपुरतं मैदान बांधलं, तेव्हा कुठे तो स्थिरावला. मुंबई सिटीने आपला डोंगर दोनच मोसमांत सोडला. हा निर्णय किती शहाणपणाचा होता, हे पाहायला मला पुढे अंधेरीला जायचं होतं.

नेरूळहून अंधेरीला जाणारी थेट हार्बर लोकलही असते. मी मुद्दाम दुसरा रस्ता घेतला: हार्बरने कुर्ला, तिथून मध्य रेल्वेच्या स्लो गाडीने घाटकोपर, आणि घाटकोपरहून मेट्रो. घाटकोपरच्या जिन्यांवर आणि पुलांवर संध्याकाळी जी दाटी होते, तिच्यात सापडल्याशिवाय उपनगर म्हणजे काय हे समजत नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही शहरातली पहिली मेट्रो, ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली. लांबी ११.४ किलोमीटर, स्थानकं १२. त्याआधी पूर्वेच्या माणसाला पश्चिमेला जायचं तर दादरचा वळसा घ्यायचा, नाहीतर बसमध्ये बसून साकीनाक्याच्या कोंडीत संध्याकाळ घालवायची. आता असल्फाच्या टेकडीवरची रंगीत घरं, साकीनाका, मरोळ, चकाला हे सगळं वीसेक मिनिटांत खिडकीतून मागे जातं. मग अंधेरी, आणि लोकलच्या रुळांवरून गाडी पलीकडे गेली की पुढचं स्थानक आझाद नगर.

या प्रवासात डोक्यात जनगणनेचे आकडे घोळत होते. २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसं होती, उपनगर जिल्ह्यात सुमारे ९४ लाख. त्याआधीच्या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या घटली, उपनगराची वाढली. अंधेरी आणि घाटकोपर बृहन्मुंबईत आले ते १९५० मध्ये. दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा भाग १९५७ मध्ये. त्या काळच्या कूपरेजच्या प्रेक्षकाला अंधेरी गावाबाहेरचं वाटलं असतं. आज तीच मुंबईची मधली जागा आहे. बोरिवलीहून पश्चिम रेल्वेने अंधेरी आणि पुढे मेट्रोचं एक स्थानक. नाहीतर २अ मेट्रोने अंधेरी पश्चिम आणि शेजारच्या डी. एन. नगरहून एक स्थानक. घाटकोपर, मुलुंड, भांडुपची माणसं मी आलो तशी येणार. वसई-विरारहूनही रात्री परतता येतं. क्लब नेरूळहून अंधेरीला आला तेव्हा ही पहिली मेट्रो दोनच वर्षांची होती. तिच्याशिवाय अंधेरी अर्ध्याच उपनगराची ठरली असती.

आझाद नगरला उतरून वीरा देसाई रस्त्याला लागलं की थोड्याच चालीत शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल येतं. महापालिकेच्या बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठानचं हे संकुल १९८८ मध्ये खुलं झालं. जुन्या अंधेरीकरांना ते दुसऱ्याच कारणासाठी आठवतं: १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकेल जॅक्सन इथे गायला-नाचला होता. आजूबाजूला पूर्वीचे औद्योगिक गाळे, आता स्टुडिओ आणि ऑफिसं, उंच इमारती, मधूनच जुन्या सोसायट्या. सामना नसलेल्या दिवशी गेलो होतो, तर पोहायला आलेली मुलं ओल्या केसांनी बाहेर पडत होती, काही ज्येष्ठ मंडळी संध्याकाळचा फेरफटका मारत होती. एका गृहस्थांना विचारलं, सामने असतात तेव्हा इथे राहणाऱ्यांना त्रास होतो का? म्हणाले, “रस्ता तुंबतो हो, नाही कशाला म्हणू? पण माझा नातू आता फुटबॉलच खेळतो. गॅलरीतून ओरडा ऐकून ऐकून त्याला नाद लागला.”

२०१६ मध्ये हे मैदान नव्याने सजवलं गेलं. ३ सप्टेंबरला भारत आणि पोर्तो रिको यांचा सामना झाला. मुंबईत ६१ वर्षांनी होणारा हा पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना. भारताने तो ४-१ ने जिंकला. महिनाभराने मुंबई सिटी इथे राहायला आली. २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरलेला दिएगो फोर्लान त्या वर्षी संघात होता. नॉर्थईस्टविरुद्धच्या पहिल्या घरच्या सामन्यात त्याने पेनल्टीवर एकमेव गोल केला आणि नोव्हेंबरमध्ये केरळला ५-० ने हरवताना हॅटट्रिक केली. त्या मोसमात साखळी फेरीअखेर मुंबई सिटी गुणतक्त्यात पहिली होती. उपांत्य फेरीत कोलकात्याने बाहेर काढलं, पण आधीच्या दोन वर्षांत जे जमलं नव्हतं ते इथे पहिल्याच वर्षी झालं.

प्रेक्षागार सात हजारांच्या आसपासचं. नेरूळच्या मानाने किती लहान! पण इथे बसलेल्या माणसाला कोपऱ्यातून चेंडू उचलणाऱ्या खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो. बचावपटू एकमेकांना काय ओरडून सांगतात ते ऐकू येतं. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या चाहत्यांच्या गटाचे ढोल सुरू झाले की सात हजारांचा आवाज छातीत घुमतो. मी इथे सामने पाहिलेत ते बहुधा अनोळखी माणसांच्या शेजारी बसून, आणि दर वेळी मध्यंतरापर्यंत त्यांच्या घराचा, नोकरीचा, शेवटच्या गाडीचा पत्ता कळलेला असतो. भरलेल्या लहान मैदानात ओळखी होतात. अर्ध्या रिकाम्या मोठ्या मैदानात माणसं मधे खुर्च्या सोडून बसतात.

अर्थात मैदान जवळ आलं म्हणजे ते आपोआप भरतं, असं मुळीच नाही. १ जून २०१८ रोजी इथेच भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं. छेत्रीची हॅटट्रिक झाली, आणि पाहायला हजर होते २,५६९ लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाइलवर स्वतःचं चित्रीकरण करून लोकांना हात जोडून विनवलं: या, आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा १०० वा आंतरराष्ट्रीय सामना होता. मुंबईचा पहिला मोठा पाऊस कोसळत होता आणि सगळी तिकिटं संपली होती. भिजत उभ्या असलेल्या त्या गर्दीसमोर भारत ३-० ने जिंकला. एका विनवणीवर दोन दिवसांत मैदान भरू शकलं, कारण ते आझाद नगर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. हीच विनवणी नेरूळला केली असती, तर त्या पावसात, कामाच्या सोमवारी, किती माणसं खाडी ओलांडून गेली असती? मला शंका आहे.

कोलकात्याने या पेचावर स्वतःचा तोडगा काढला आहे. १९८४ मध्ये शहराच्या पूर्वेला सॉल्ट लेकचं प्रचंड स्टेडियम झालं, आणि मोहन बागान-ईस्ट बंगालचे मोठे सामने तिकडे गेले. पण ‘तंबू’ म्हणवली जाणारी जुन्या मैदानावरची आपली क्लबघरं क्लबांनी सोडली नाहीत. सभासद, चषकांची कपाटं, चहा आणि वाद सगळं अजून जुन्याच जागी आहे. मुंबईत असा तंबू कुणाकडेच नव्हता. महिंद्र गेला, मुंबई एफसी गेला, आणि मागे जाऊन बसावं अशी एक खोलीसुद्धा उरली नाही. मुंबई सिटीने लीगचे दोन चषक जिंकले. २०२१ चा करोनामुळे गोव्यात, बंद दारांआड, आणि २०२४ चा कोलकात्यात. अंधेरीच्या प्रेक्षकाने दोन्ही अंतिम सामने पडद्यावरच पाहिले.

आशियाई स्पर्धेचे घरचे सामनेही त्याच्या वाट्याला आले नाहीत. २०२३ मध्ये मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीग खेळली. आशियाई फुटबॉल महासंघाच्या अटींत अंधेरीचं मैदान बसत नव्हतं. मग इराणच्या नस्साजी आणि उझबेकिस्तानच्या नवबहोर यांच्याशी घरचे सामने झाले ते बालेवाडीला. मुंबई एफसीला जिथे जावं लागलं होतं तिथेच, दशकभराने, मुंबईचा दुसरा क्लब. सौदीच्या अल-हिलालविरुद्धचा सामना ६ नोव्हेंबरला नेरूळला झाला. नेमारला पाहायला मिळणार म्हणून सगळे हरखले होते. तो जखमी होऊन आधीच मोसमाबाहेर गेला होता. तरी ३० हजारांच्या आसपास माणसं आली. मुंबई २-० ने हरली, पण त्या रात्रीने एक गोष्ट दाखवून दिली: मोठ्या सामन्याला ३० हजार येणारं हे शहर आहे आणि त्याच्या रोजच्या मैदानात सात हजारांचीच सोय आहे. या दोन आकड्यांमधलं मैदान मुंबईकडे नाही.

ते नव्याने कुठेतरी पनवेलपलीकडे बांधायची गरज नाही. जमीन अंधेरीत आहे, महापालिकेची आहे, तिच्या एका बाजूने मेट्रो जाते. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी तिसरी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण धावते आहे; विधान भवन स्थानकात, कूपरेजच्या अगदी जवळ, बसायचं, मरोळ नाक्याला गाडी बदलायची आणि आझाद नगरला उतरायचं. प्रवासाची सोय झाली आहे. आता प्रेक्षागारं वाढवायची आहेत, खुर्च्या, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि दिवे महासंघाच्या अटींत बसवायचे आहेत, आणि क्लबाला वर्षावर्षाच्या भाड्याऐवजी दीर्घ मुदतीचा करार द्यायचा आहे, म्हणजे त्याला तिथे आपलं कार्यालय, सभासदांची खोली आणि चषकांचं कपाट मांडता येईल. १५-२० हजारांचं मैदान झालं तर पुढचा अल-हिलाल अंधेरीत येईल, आणि बोरिवलीचा, घाटकोपरचा, मुलुंडचा माणूस सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहून त्याच रात्री घरी जाऊ शकेल.